अस्वलाच्या मागचा कोल्हा

थेरगावात डांगे चौकातून आत वळलं की पत्र्याच्या शेडांची एक रांग लागते. त्यातल्या शेवटच्या शेडमध्ये रिझवानचा फायबरचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं ते आपलं कौतुकाने. चार माणसं, एक ग्राइंडर, रेझिनचे डबे, आणि दारापासून मागच्या भिंतीपर्यंत प्राण्यांची अशी दाटी, की आत शिरायचं तर आधी जिराफाला बाजूला सरकवावं लागतं. बागांमध्ये आणि शाळांमध्ये तोंड उघडून उभे असलेले पेंग्विन तुम्ही पाहिले असतील. पोटावर ‘मला वापरा’ लिहिलेलं, आणि कचरा टाकायचा तो त्यांच्या घशात. पिंपरी-चिंचवडातले त्यातले बरेचसे इथून गेलेत, आणि त्यांचे डोळे शालनबाईंनी रंगवलेत.

शालनबाई गेवराईकडच्या. वय अठ्ठेचाळीस, अंगाने काटक, बोलणं मोजकं आणि बहुतेक वेळा समोरच्याला गप्प करणारं. सकाळी आल्या की आधी कोपरापर्यंत खोबरेल तेल चोळायच्या, कारण फायबरची कुसळं कातडीत शिरली की दिवसभर खाज सुटते. मग घासायचं, पुट्टी भरायची, रंग द्यायचा. पाच वर्षं त्यांनी हेच केलं. मातीचं काम, म्हणजे ज्यावरून साचा निघतो तो प्राणी मुळात घडवायचं काम, त्यांचं नव्हतं. ते ज्ञानदेवमास्तरांचं. आणि मास्तरांचे हात थरथरायला लागल्यापासून ते राजगुरुनगरच्या पलीकडे आपल्या गावी जाऊन बसले होते, तेव्हा ते काम कुणाचंच नव्हतं. जुन्या साच्यांतून जुनेच प्राणी निघत होते.

एप्रिलमधल्या एका सकाळी एक टेम्पो उलटा येऊन दाराशी लागला. त्यात दोरीने बांधलेलं पांढरं अस्वल होतं. पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीला ते चारच दिवसांपूर्वी पोचवलं होतं. नवी नवरी माहेरी आणून सोडावी तसं ते परत आलं.

चूक सगळ्यांची होती आणि कुणालाच ती चूक वाटली नव्हती. सोसायटीने बागेतल्या कचऱ्यासाठी ध्रुवीय अस्वल मागितलं होतं. रिझवान म्हणाला, “अस्वल ते अस्वल. पांढरा मार.” मग नेहमीचं, दोन पायांवर उभं राहून नमस्कार करणारं अस्वल साच्यातून काढलं आणि शालनबाईंनी त्याला पांढरा रंग दिला. वर स्वतःच्या बुद्धीने गालांना किंचित गुलाबी छटाही दिली.

टेम्पोच्या मागोमाग स्कूटरवर रुपाली आली. ती सोसायटीच्या बाग समितीतली, हिंजवडीत नोकरीला. चिडलेली होती, पण बोलली नीट.

“रिझवानभाई, हे ध्रुवीय अस्वल नाही. जंगलातल्या अस्वलाला चुना लावलाय. त्याची मान लांब असते, कान बारके, पंजे केवढे तरी मोठे. आणि ते कुणाला नमस्कार करत नाही हो.”

रिझवान डोकं खाजवत म्हणाला, “मॅडम, नवीन मॉडेल करायला आता माणूस नाही माझ्याकडे. तुम्ही दुसरीकडे बघा.”

कोपऱ्यात पेंग्विन घासत बसलेल्या शालनबाई मान वर न करता म्हणाल्या, “मी करून बगू का माती?”

रिझवान हसला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. गावी असताना पोळ्याला सगळ्या गल्लीचे मातीचे बैल शालनबाईच करायच्या, हे त्याने ऐकलं होतं. शिवाय मास्तरांच्या प्रत्येक प्राण्यातली प्रत्येक चीर त्यांनीच बुजवली होती. मास्तरांचा हात कुठे घसरायचा हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

“करा मावशी,” तो म्हणाला. “पण साच्याचा नियम माहितीये ना?”

नियम मास्तरांचा होता. या शेडमध्ये प्रत्येक साच्याच्या पाठीवर तो घडवणाऱ्याचं नाव लाल रंगात लिहिलेलं असतं. पण पहिल्या ऑर्डरला नाही. दुसरी ऑर्डर आली तरच. पहिली कुणालाही मिळते, दुसरी आली म्हणजे माल खरा, असं मास्तर म्हणायचे. दुसरी ऑर्डर न आलेला साचा काही महिने माळ्यावर पडून राहतो आणि जागा लागली की ग्राइंडरखाली जातो. माळ्यावर सोळा साचे होते, सोळाही ‘ज्ञानदेव’. शालनबाई तेल चोळता चोळता रोज ते नाव वाचायच्या. आपलं नाव तिथे कसं दिसेल, हा विचार त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता. नवऱ्याजवळसुद्धा नाही.

शनिवारी रुपाली लॅपटॉप घेऊन आली. तिला वाटलं होतं, शालनबाई लांबी-रुंदी विचारतील. पण त्यांनी पहिलं विचारलं, “खातंय काय ते?”

“सील. समुद्रातला प्राणी असतो. अंगात चरबीच चरबी.”

“मंग पाण्यात शिरून धरतंय का?”

“नाही ना. पाण्यात सील त्याच्यापेक्षा चपळ. तिकडे समुद्र गोठतो, वर बर्फाचा थर धरतो. सीलला श्वास घ्यायला वर यावं लागतं, म्हणून ते बर्फात भोकं राखून ठेवतं. अस्वल वासावरून भोक शोधतं आणि तिथे थांबून राहतं. तास न् तास. जरासुद्धा हलत नाही.”

“आन् न्हाई आलं तर?”

“तर उपाशी. मग दुसरं भोक.”

रुपाली एक एक फोटो पुढे सरकवत गेली. आता तिकडे बर्फ उशिरा धरतो आणि लवकर फुटतो, तिने सांगितलं. बर्फ नाही म्हणजे अस्वलाला उभं राहायलाच जागा नाही. किनाऱ्यावर अंगातल्या चरबीवर दिवस काढायचे. ते उपासाचे दिवस दर काही वर्षांनी वाढतायत. आई खंगली की दूध आटतं, पिल्लं टिकत नाहीत. काही अस्वलं मग माणसांच्या वस्तीत येऊन उकिरडे उपसतात.

शालनबाईंनी सोसायटीने दिलेलं चित्र उचललं. त्यात अस्वलाने जबडा वासला होता आणि एक मुलगा त्यात वेफर्सची पिशवी टाकत होता.

“आन् आपुन त्याच्या तोंडात कचरा टाकनार,” त्या म्हणाल्या.

 रुपालीने पुढचा व्हिडिओ लावला. अस्वल बर्फावरून चाललं होतं आणि त्याच्या मागे, बऱ्याच अंतरावर, एक पांढरा ठिपका दुडक्या चालीने येत होता.

“हे कुत्रं कुनाचं?”

“कोल्हा आहे तो. ध्रुवीय कोल्हा. अस्वलाचं पोट बरं भरलेलं असेल तर ते सीलची चरबीच खातं, बाकीचं टाकून पुढे जातं. त्यावर मग हा जगतो, पाखरं जगतात. एरवी उंदरांसारखं काहीबाही पकडतो, पण ज्या वर्षी ते कमी, त्या वर्षीचा हिवाळा अस्वलाच्या मागेच काढतो.”

“अस्वलाला म्हाईत हाय का, मागं कोन चाललंय?”

“असेलही. त्याला काय फरक पडतो?”

शालनबाईंनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. रुपालीला वाटलं, बाई चाल बघतायत. बाई चाल बघत नव्हत्या.

पाच वर्षांपूर्वीपर्यंत शालनबाई चाकणला राहायच्या आणि मेस चालवायच्या. नवरा एका कंपनीत गाड्यांची सीटं शिवायच्या लाइनवर होता, कंत्राटी. त्याच कंपनीतल्या पोरांना बाई डबे द्यायच्या. बत्तीस डबे. लातूरच्या पोराला तिखट जास्त, कोकणातल्याला भात जास्त, नाशिकच्या सनीला कांद्याची चटणी रोज. मग कंपनी दुसऱ्या राज्यात गेली. आधी तिसरी शिफ्ट बंद झाली, मग दुसरी, मग फाटकाला कुलूप. कामगारांची बातमी पेपरात आली, आणि ती यायलाच हवी होती. पण फाटकासमोरचा चहावाला, पंक्चरवाला, रिचार्जचं दुकान, वडापावची गाडी, खोल्या भाड्याने देणारी म्हातारी, यांची बातमी कुठेच आली नाही. सहा महिन्यांत तो सगळा रस्ता ओस पडला. बाईंच्या ओट्यावर रिकामे डबे धुऊन पालथे घातलेले होते आणि ते न्यायला कुणी येत नव्हतं. कंपनीने शालनबाईंना कधी पाहिलंही नव्हतं. इतकी वर्षं आपण कुणाच्या मागे चाललोय, हे त्यांनाही ते चालणं थांबल्यावरच कळलं.

हे त्यांनी रुपालीला सांगितलं नाही. “चाल कळली,” एवढंच म्हणाल्या आणि मातीला बसल्या.

पहिलं अस्वल त्यांनी हाडकुळं केलं. गावाकडे दुष्काळात छावणीतली गुरं त्यांनी पाहिली होती. भूक आधी कमरेच्या हाडांवर दिसते, मग मानेच्या मुळाशी, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. सोसायटीचे सेक्रेटरी अर्जुनराव एकदा बघायला आले. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, बोलणं मिटिंगमध्ये बोलावं तसं. बघताच म्हणाले, “असलं रडकं नको. लोक संध्याकाळी फ्रेश व्हायला येतात.”

शालनबाईंना राग आला. पण रुपालीही दबक्या आवाजात म्हणाली, “मावशी, बर्फ असला की ते खरंच जाडजूड असतं. तेच त्याचं खरं रूप.” बाईंनी एक दिवस हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी कमरेवर, खांद्यांवर, पोटाखाली माती थापायला घेतली. धष्टपुष्ट जनावराला उपाशी जनावरापेक्षा दीडपट माती लागते, हे त्यांना तेव्हा समजलं. अस्वल भरत गेलं तसं त्यांनाही बरं वाटत गेलं. आपल्या हातून कुणी जेवून उठावं, तसं बरं.

तोंड मात्र त्यांनी मिटलेलंच ठेवलं. अस्वल चार पायांवर उभं, मान खाली, नाक बर्फातल्या एका गोल भोकावर टेकायला आलेलं. ते भोक म्हणजेच कचऱ्याचा डबा. अर्जुनरावांना ते पटायला अर्धा तास लागला. “म्हणजे कचरा जमिनीलगत जाणार, लहान पोरांचाही हात पोचेल,” हे रुपालीने तीनदा सांगितल्यावर ते हो म्हणाले.

अस्वल झालं तेव्हा मातीचा एक गोळा उरला होता आणि फायबरच्या कापडाची, मॅटची, कातरणं पडली होती. दोन दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत शालनबाईंनी त्यातून कोल्हा केला. मांजरापेक्षा थोडा मोठा, कान लहान, शेपूट जाड, पुढचा एक पाय उचललेला.

“हे कुणी सांगितलं होतं?” रिझवानने विचारलं.

“कुनी न्हाई. पर हे मागं नसलं तर अस्वल अर्धंच हाय.”

रिझवानने कोल्हा उचलून पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाला, “टेम्पोत बसतंय ना? जाऊ द्या.”

मे महिन्यात दोन्ही प्राणी पिंपळे सौदागरला गेले. अस्वल कारंज्याशेजारी, कोल्हा आठ-दहा फूट मागे, कण्हेरीच्या आडोशाला. पंधरा दिवसांनी शालनबाई रविवारी बघायला गेल्या. फाटकावर धोंडीबा नावाचा खेडकडचा म्हातारा वॉचमन होता. कामाची बाई समजून त्याने आधी नाव लिहायला वही पुढे केली. अस्वल यांनीच केलंय म्हटल्यावर वही मिटली आणि स्वतः आत घेऊन गेला.

“बाई, त्यात कचराच टाकत न्हाईत कुनी,” तो म्हणाला. “पोरं कडंनं गप बसून ऱ्हात्यात. म्हनत्यात, हललं की सील जातंय. परवा एका आजोबानं भुईमुगाची टरफलं टाकली, तर पोरांनी काडीनं एकेक उकरून काढली बगा.”

शालनबाईंनी वाकून भोकात पाहिलं. आत एक वाळलेलं पान होतं. त्यांना इतका आनंद झाला, की तो दिसू नये म्हणून त्या उगाच कोल्ह्याच्या शेपटीवरची धूळ झटकत बसल्या.

आनंद जूनपर्यंत टिकला. समितीच्या बैठकीत अर्जुनरावांनी सांगितलं, की शोभेची वस्तू म्हणून ठीक आहे, पण डस्टबिन म्हणून शून्य. मग एक पेंग्विन मागवण्यात आला. तो अस्वलापासून दहा पावलांवर बसला आणि पहिल्याच संध्याकाळी गळ्यापर्यंत भरला. त्याचेही डोळे शालनबाईंनीच रंगवले होते.

अस्वलाला दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. मोठं, अवजड, आणि कामाचं नाही अशी ख्याती झालेली. कोल्ह्याचं मात्र नशीब उघडलं. त्या सोसायटीत कुणीतरी त्याच्यासोबत फोटो काढले आणि ते फिरले. वाकडच्या एका बालवाडीने कोल्हा मागितला, मग निगडीच्या एका कॅफेने. लहान, कुठेही मावणारा, पोरांना पाठीवर बसता येणारा.

जुलैत रिझवानने वाघांची मोठी ऑर्डर घेतली आणि माळ्यावर जागा लागली. सकाळी शालनबाई आल्या तेव्हा अस्वलाचा साचा, त्याचे चारही भाग, खाली उतरवलेले होते आणि ग्राइंडरची वायर बोर्डापर्यंत पोचली होती. रिझवानच्या हातात लाल रंगाची डबी आणि बारका ब्रश होता. समोर कोल्ह्याचा साचा पालथा ठेवलेला.

“या मावशी,” तो खुशीत म्हणाला. “शालन लिहू की शालनबाई?”

पाच वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातभर अंतरावर होतं. शालनबाईंनी कोल्ह्याच्या साच्याकडे पाहिलं, मग ग्राइंडरकडे.

“अस्वल कापनार का?”

“नियम तुम्हाला माहितीये. दोन महिने झाले. जागा नाही हो.”

“मंग कोल्ह्यावर नाव नको.”

रिझवानला कळेना. “का? दुसरी ऑर्डर आलीये. हक्काचं नाव आहे तुमचं.”

“कोल्हा एकटा जगत न्हाई, रिझवानभाई.”

“मावशी, फायबरचा आहे तो.”

“ते मला म्हाईत हाय,” शालनबाई म्हणाल्या. “पर मी जगून बगितलंय. पुढचं गेलं की मागच्याचं काय हुतंय, ते मला इचारा. आन् त्या मागच्यावर माझंच नाव लिवायचं?” त्यांनी ग्राइंडरची वायर बोर्डापासून बाजूला ओढली. “अस्वल राहू द्या. त्याला दुसरी ऑर्डर आली, की दोघांवर लिवा.”

“आणि आली नाही तर?”

“तर थांबायचं.”

 चाकणची ती कंपनी रिझवानलाही आठवत होती. त्याच्या थोरल्या भावाचं गॅरेज त्याच रस्त्यावर होतं, आणि भाऊ आता दुसऱ्याच्या गॅरेजात रोजाने जात होता. त्याने डबीला झाकण लावलं.

“इथे खरंच जागा नाही पण,” तो म्हणाला.

“माज्या पत्र्यावर हाय.”

त्या दुपारी अस्वलाच्या साच्याचे चार भाग शालनबाईंच्या खोलीच्या पत्र्यावर गेले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दोन जुने, भोकं पाडलेले टायर ठेवले. घरमालकीण गिरजाबाई खाली उभी राहून विचारत होती, पाणी साठलं तर डास होतील त्याचं काय. शालनबाईंनी सगळे भाग पालथे घातले आणि वरून म्हणाल्या, “न्हाई साठत. पालथं हाय.”  नवरा आता एका गोदामावर कामाला होता, तो रात्रपाळीला जाण्याआधी शिडीवर चढून टायर घट्ट बसलेत का ते तपासून आला.

डिसेंबरपर्यंत एकूण आठ कोल्हे गेले. साच्याची पाठ कोरीच राहिली. कुणी कोल्हा घ्यायला आलं, की शालनबाई हातातलं काम ठेवून त्याला सांगायच्या, हा कुणाच्या मागे चालतो, तो पुढचा कशावर उभा असतो, आणि तो बर्फ आता किती दिवस टिकतो. गिऱ्हाईक मान हलवायचं, फोनमध्ये बघायचं, कोल्हा घेऊन जायचं. रिझवान एकदा म्हणाला, “मावशी, तुमच्या भाषणाने गिऱ्हाईक पळेल.” पळालं कुणी नाही, पण अस्वलाचं कुणी विचारलंही नाही.

जानेवारीत राजगुरुनगरच्या एका शाळेतून कनीज मॅडम आल्या. पोरांनी फोटोत पाहिला तो कोल्हा त्यांना हवा होता. शालनबाई नवव्या कोल्ह्याच्या नाकाला काळा रंग देत होत्या. त्यांनी नेहमीसारखं सगळं सांगितलं, या वेळी मान वर न करताच, कारण सांगून सांगून आता त्याही थकल्या होत्या.

मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग शेडमध्ये इकडे तिकडे, जिराफाच्या मागे, माळ्यावर पाहिलं.

“मग अस्वल कुठंय?” त्यांनी विचारलं. “त्याच्याशिवाय हा नेऊन मी पोरांना काय सांगू?”

शालनबाईंनी ब्रश खाली ठेवला. हात पदराला पुसले, पुन्हा पुसले.

“आमच्या पत्र्यावर हाय,” त्या म्हणाल्या. “थांबा. आत्ता घिऊन येते.”